उलटतपास: सविस्तर की नेमका?

सत्र न्यायालयात स्वतःच्या नावावर पहिला खटला चालवायची वेळ आली की कलमांची फारशी काळजी नसते. कलमं वाचून येतात. समोरच्या बाजूचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिल्यावर उलटतपासात त्याला किती विचारायचं आणि कुठे थांबायचं, हे मात्र वाचून येत नाही. बाररूममध्ये हा विषय काढला की दोन प्रकारची उत्तरं मिळतात आणि दोन्हीकडे मानाचे, अनुभवी वकील असतात.

एक पद्धत सविस्तर उलटतपासाची. फिर्यादीपासून पंचनाम्यापर्यंत प्रत्येक मुद्द्यावर प्रश्न विचारायचे. साक्षीदाराचं घर, शेत, भाऊबंदकी, जुनं भांडण, आरोपीशी बोलचाल आहे की नाही, सगळं काढायचं आणि शेवटी सजेशन, म्हणजे आपल्या बाजूचं म्हणणं मांडणाऱ्या सूचना, घालायची. दुसरी पद्धत नेमक्या उलटतपासाची. या साक्षीदाराकडून आपल्याला कोणती मोजकी उत्तरं हवीत ते आदल्या रात्री ठरवायचं, तेवढीच होय-नाहीच्या प्रश्नांतून काढायची आणि खाली बसायचं. मी दोन्ही पद्धतींनी काम केलंय. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सरांची पहिली होती, पुढे मी दुसरीकडे वळलो. आज नव्याने ट्रायलकडे येणारे ज्युनिअर मित्र विचारतात म्हणून दोन्ही शेजारी ठेवतो. सूचक प्रश्न म्हणजे उत्तर प्रश्नातच सुचवणारा प्रश्न, आणि क्रम असा: सरतपास (साक्षीदार आणणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपास (विरुद्ध बाजूचे), फेरतपास (पुन्हा पहिल्या बाजूचे), हे तुम्हाला माहीत आहे असं धरलं आहे.

नेमकी पद्धत मुळात ज्युरीसमोरच्या वकिलीत वाढली. बाराजण समोर बसलेले, कुणी दुकानदार, कुणी शिक्षिका, कुणी कारखान्यातला कामगार. त्यांच्या हातात दोषारोपपत्र नसतं, पोलिसांनी घेतलेले जबाब नसतात. जे ऐकलं आणि पाहिलं तेवढ्यावरच त्यांना निकाल द्यायचा असतो. लांबलचक प्रश्नांत त्यांचं लक्ष उडालं की साक्षीदाराची कबुलीही त्यांच्याबरोबर उडून जाते. अमेरिकेत आयर्विंग यंगर नावाचे वकिली शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांनी १९७० च्या दशकात उलटतपासाचे दहा दंडक सांगितले आणि तिथल्या वकिलांच्या पिढ्या ते पाठ करत आल्या. थोडक्यात विचारा, साधे शब्द वापरा, फक्त सूचक प्रश्न घाला, उत्तर माहीत नसेल तो प्रश्न विचारू नका, उत्तर लक्ष देऊन ऐका, साक्षीदाराशी भांडू नका, त्याला खुलासा करू देऊ नका, सरतपासात सांगितलेलं पुन्हा वदवून घेऊ नका, एक प्रश्न जास्तीचा विचारू नका आणि निष्कर्ष युक्तिवादासाठी राखून ठेवा. प्रत्येक दंडक ज्युरीच्या कानाचा आणि लक्षाचा विचार करून घातलेला आहे.

यावर आपल्याकडचे ज्येष्ठ वकील जे म्हणतात त्यात तथ्य आहे. आपल्याकडे ज्युरी नाही. समोर कायदा जाणणारे न्यायाधीश असतात, त्यांच्या टेबलावर सगळे कागद असतात, ते कंटाळून मुद्दा विसरतील अशी भीती नाही. मग मोजून-मापून विचारायची घाई कशाला? रेकॉर्डवर जितकं येईल तितकं अपिलात उपयोगी पडेल.

सविस्तर पद्धतीचं बळ इथेच आहे आणि ते कमी लेखू नये. ओमिशनचंच घ्या. साक्षीदाराने कोर्टात सांगितलेली महत्त्वाची गोष्ट पोलिसांपुढच्या जबाबात नसेल, तर ती त्याच्यासमोर एकेक करून ठेवावीच लागते आणि नंतर तपासी अंमलदाराकडून, म्हणजे तपास करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याकडून, शाबीत करून घ्यावी लागते. जबाबातला मजकूर विरोधात दाखवायचा तर साक्षीदाराचं लक्ष नेमक्या त्या भागाकडे वेधावं लागतं. या जबाबांचा वापर कसा आणि कुठवर करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली तहसीलदार सिंग खटल्यात घालून दिलं. तेव्हाची कलमं साक्ष्य कायद्याचं १४५ आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६२ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १४८ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८१ आहे, पण काम तेच आहे. या कामाला शॉर्टकट नाही. एखादं महत्त्वाचं ओमिशन विचारायचं राहिलं तर ते पुढे कुठेच भरून निघत नाही. नंतर नवा वकील आला आणि साक्षीदाराला पुन्हा बोलवा म्हणाला, तर केवळ वकील बदलला हे कारण पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिल्लीच्या एका खटल्यात स्पष्ट केलं आहे.

आपली बाजू साक्षीदारासमोर ठेवण्याचं बंधनही आहे. १८९३ सालच्या ब्राऊन विरुद्ध डन या इंग्लंडमधल्या निकालापासून चालत आलेला हा नियम आपल्या कोर्टांनीही मानला आहे. साक्षीदाराला तुमचं म्हणणं विचारलंच नाही आणि युक्तिवादात एकदम तो खोटारडा आहे म्हणालात, तर न्यायाधीश पहिल्यांदा हेच विचारतील की हे त्याला का विचारलं नाही.

सविस्तर पद्धतीतून न शोधलेलं हाती लागतं, हाही तिचा गुण. आमचे सर एकदा जप्तीच्या पंचाला, म्हणजे जप्तीच्या पंचनाम्यावर सही करणाऱ्या साक्षीदाराला, उलटतपासत होते. घर कुठे, काम काय, किती वाजता उठता, अशा साध्या प्रश्नांतून ते फिरत राहिले. मला तेव्हा वाटलं, आज हे कुठे चाललेत. होता होता कळलं की पंचाची चहाची टपरी पोलीस ठाण्याच्या दारातच आहे, ठाण्यात चहा तोच पोचवतो आणि याआधीही त्याने तिथल्या पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत. मी आखलेल्या यादीत यातला एकही प्रश्न नव्हता. फक्त नेमके प्रश्न घेऊन उभा राहिलो असतो, तर तो पंच ‘स्वतंत्र साक्षीदार’ म्हणूनच निकालपत्रात गेला असता.

दुसऱ्या बाजूकडे वळण्याआधी ज्युरीच्या इतिहासातला एक उलटतपास सांगतो, कारण कान आणि कागद यांत काय फरक आहे हे त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रायंगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार गेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरचा दरवाजा कुलूपबंद होता, हा मालकांवरचा मुख्य आरोप. डिसेंबरमध्ये खटला चालला. केट आल्टरमन नावाच्या कामगार मुलीने आपली सहकारी जळताना कशी पाहिली, ते हृदय पिळवटून टाकणाऱ्या शब्दांत सांगितलं. मालकांचे वकील मॅक्स स्टॉयर तिच्याशी भांडले नाहीत, आवाजही चढवला नाही. तीच हकीकत पुन्हा सांगायला लावली. तिने सांगितली, जवळजवळ त्याच शब्दांत. त्यांनी आणखी एकदा विचारली. एखादा शब्द गळला की तो राहिला का, असं मऊपणे विचारलं. ज्युरीला वाटलं, हे पाठ करून आणलेलं आहे. मालक निर्दोष सुटले.

पुन्हा वदवून घेऊ नका हा दंडक स्टॉयर यांनी उघड मोडला होता, आणि तरी ते जिंकले. हा किस्सा वकिलांच्या गप्पांत कौतुकाने सांगितला जातो. मला त्या विजयाचं कौतुक करवत नाही. नीट इंग्रजी न येणाऱ्या, घाबरलेल्या मुलीने मोठ्या कष्टाने जुळवलेले शब्द घट्ट धरून ठेवले, यावरून तिचं सांगणं खोटं ठरत नाही. पण उलटतपास म्हणून त्यातलं काय चाललं, हे ओळखणं महत्त्वाचं आहे. चालला तो तिचा सूर. ज्युरीने तो स्वतःच्या कानांनी ऐकला. हाच उलटतपास आपल्या एखाद्या सत्र न्यायालयात झाला असता तर साक्षीपत्रात काय उमटलं असतं? तिने घटना पुन्हा सांगितली, तिच्यात विसंगती आली नाही. उच्च न्यायालयात ते वाचणाऱ्याच्या दृष्टीने साक्षीदार उलटतपासात ठाम राहिली, एवढंच.

ज्युरी आपल्याकडेही होती. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं ते ज्युरीनेच. १९५९ साली नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, पण सत्र न्यायाधीश मेहता यांना तो कौल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने पुरावा कागदावर वाचला आणि दोषी ठरवलं. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. म्हणजे ज्युरी होती त्या दिवसांतही शेवटचा शब्द कागदाचाच राहिला. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

मी नेमक्या पद्धतीकडे वळलो त्यामागे हाच कागद आहे. ज्युरीचे कान हे माझं कारण नव्हतं. खरं कारण रोजचं आणि साधं आहे, आणि बाहेरच्यांना ते किरकोळ वाटेल.

आपल्या कोर्टात साक्ष कशी उतरते ते तुम्ही पाहिलंच असेल. तुम्ही मराठीत प्रश्न विचारता, साक्षीदार त्याच्या बोलीत उत्तर देतो, न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर मिळून एक वाक्य करतात आणि स्टेनोला सांगतात. कायद्याने सत्र न्यायालयातली साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपातच घ्यायची असते. प्रश्नोत्तर रूपात घेणं न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम २७६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३११. यात न्यायाधीशांना दोष देता येत नाही. दिवसाच्या प्रकरणांचं बोर्ड भरलेलं असतं, साक्षीदार गावाहून आलेले असतात, शब्द न् शब्द उतरवत बसलं तर एक साक्ष चार तारखा खाईल. पण या मधल्या टप्प्यावर काय गळतं ते बघा.

रात्रीची मारहाण, साक्षीदार स्वतःच्या घराच्या ओट्यावर उभा. सविस्तर पद्धतीत मी असं विचारत असे: “गल्लीत अंधार होता, माणसं जमली होती, तुम्ही ओट्यावर लांब उभे होतात, त्यामुळे कोणी कोणाला काय मारलं हे तुम्हाला दिसायचं कारणच नव्हतं, असं माझं म्हणणं आहे.”

साक्षीदार म्हणतो, “गर्दी होती सायेब, लई माणसं होती. अंधारबी होता. पन मी बघितलं.”

आणि साक्षीपत्रात येतं: ‘अंधार व गर्दी असल्याने आणि मी लांब असल्याने मला घटना दिसली नाही, हे म्हणणे खोटे आहे.’

साक्षीदाराने गर्दी मान्य केली, अंधारही मान्य केला. कागदावर मात्र त्याने सगळंच नाकारलं. यात कुणी लबाडी केलेली नाही. प्रश्नात चार गोष्टी एकत्र बांधल्या, उत्तराचा शेवट नकाराचा होता, म्हणून वाक्य नकाराचं झालं. अपिलात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे हेच वाक्य जातं. साक्षीदाराचा चेहरा जात नाही, ‘अंधारबी होता’ म्हणताना त्याने खाली घातलेली मान जात नाही. साक्षीदाराच्या वागणुकीबद्दल शेरा लिहिण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे, पण माझ्या पाहण्यात असे शेरे फार क्वचित आले आहेत.

सविस्तर पद्धतीत हे दिवसभर चालतं. दर तिसऱ्या प्रश्नाला उठून “साहेब, उत्तर तसं नव्हतं, त्यांनी अंधार मान्य केला” असं सांगायचं, किंवा हा भाग प्रश्नोत्तर रूपात घ्यावा अशी विनंती करायची. दोन-तीनदा ऐकून घेतात. पुढे आवाज बदलतो, सरकारी वकील उठतात, साक्षीदाराला सावरायला वेळ मिळतो, आणि पुढच्या वेळी तो तुमच्या त्याच प्रश्नाला सावध उत्तर देतो. साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवतात खरी, पण त्या वेळी दुरुस्ती तो सुचवणार. त्याला काय पडलंय तुमचा अंधार परत आणायचं? वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारा साक्षीदार असेल आणि साक्षीपत्र इंग्रजीत टाइप होत असेल, तर गळती आणखी वाढते. या एका गोष्टीने मी इतका वैतागलो होतो की घरी येऊन प्रमाणित प्रत वाचायचं टाळायचो.

आता तोच साक्षीदार नेमक्या पद्धतीने घेऊ. घटनास्थळाच्या पंचनाम्यात उजेडाचा उल्लेख नाही, हे आधी पाहून ठेवलेलं. खांबावरचा दिवा बंद होता हे आरोपीच्या घरच्यांकडून कळलेलं, आणि साक्षीदार नाही म्हणालाच तर गावकऱ्यांनी दिवा बंद असल्याची दिलेली तक्रार हाताशी.

“भांडण मारुतीच्या देवळापाशी झालं?” “हो.”

“तुमच्या ओट्यापासून देवळापर्यंत विजेचा एकच खांब?” “एकच हाय.”

“त्यावरचा दिवा त्या रात्री बंद होता?” “बंदच असतो.”

“त्या रात्रीही बंद?” “हो.”

“भांडण चालू असताना देवळापाशी माणसं जमली होती?” “जमली होती की. पंधरा-वीस.”

इथे बसायचं. ‘मग तुम्हाला दिसलं कसं?’ हा प्रश्न जिभेवर येतो, तो गिळायचा. तो विचारला की साक्षीदार बॅटरी आणतो, चांदणं आणतो, नाहीतर आवाजावरून ओळखलं म्हणतो.

साक्षीपत्रात काय येईल? ‘हे खरे आहे की, माझ्या ओट्यापासून मारुती मंदिरापर्यंत विजेचा एकच खांब आहे. हे खरे आहे की, त्या रात्री त्यावरील दिवा बंद होता. हे खरे आहे की, त्या वेळी तेथे पंधरा-वीस लोक जमले होते.’ प्रश्नात एकच गोष्ट, उत्तर होय. न्यायाधीशांना त्यात जुळवायला काही उरत नाही, स्टेनोला गाळायला काही उरत नाही, इंग्रजीत गेलं तरी अर्थ बदलत नाही. यंगर यांनी ज्युरीसाठी सांगितलेला छोटा प्रश्न आपल्याकडे डिक्टेशनमधून जसाच्या तसा पार होतो. माझ्यासाठी निवड इथेच झाली.

शेवटच्या सजेशनबद्दलही थोडं सांगायला हवं. सविस्तर उलटतपासाच्या अखेरीस ‘हे म्हणणे खोटे आहे की’ अशी पानभर वाक्यं येतात. बाजू मांडल्याचं समाधान मिळतं, पण प्रत्येक वाक्य म्हणजे एक नकार, आणि त्यांतली काही उलटतात. ‘तुमच्या लोकांनी आधी हल्ला केला म्हणून आरोपीने स्वतःला वाचवायला काठी फिरवली’ असं सजेशन घातलं, की आरोपी तिथे होता आणि काठी त्याच्या हातात होती हे तुम्ही स्वतःच सांगितलंत. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, बचावाच्या वकिलाने घातलेली सूचना आणि तिला मिळालेलं उत्तर आरोपीविरुद्ध विचारात घेता येतं. इतर विश्वासार्ह पुरावा नसेल तर नुसत्या सूचनेवर दोषी ठरवता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. तरी धोका आहेच. त्यात अनेकदा एक सजेशन दुसऱ्याला छेद देतं: आधी ‘आरोपी गावात नव्हता’, मग ‘झटापटीत त्यालाच लागलं’. म्हणून बचाव आधी एका वाक्यात लिहून काढावा आणि त्या वाक्यात बसतील तेवढीच सजेशन घालावीत. ब्राऊन विरुद्ध डनचा नियम त्यात पाळला जातो.

नेमक्या पद्धतीचा सगळ्यात मोठा त्रास कोर्टाच्या मागच्या बाकावर बसलेला असतो. आरोपीची आई, भाऊ, गावाहून आलेले चार लोक. त्यांनी वकिलाची फी कशी जमवली ते आपल्याला ठाऊक असतं. मुख्य साक्षीदाराला वकिलाने थोडंसं विचारून सोडून दिलं हे त्यांना पटत नाही, आणि ते रास्त आहे. माझा उपाय असा, की साक्षीच्या आधी त्यांना बसवून सांगायचं, या माणसाकडून आपल्याला इतकंच हवंय आणि का. सांगितलं तर समजतं. न सांगता थोडक्यात आटोपणारा वकील त्यांना निष्काळजी वाटणारच. ज्येष्ठांबरोबर काम करत असाल तर त्यांचीही नाराजी ओढवेल, ती सहन करण्याइतका खटला पाठ असायला हवा.

दुसरा दोष खरा आणि गंभीर आहे. ही पद्धत आळशाला फार सोयीची पडते. जबाब नीट वाचले नाहीत, ओमिशनचा तक्ता केला नाही, आणि थोडेच प्रश्न विचारून ‘मी नेमका क्रॉस (उलटतपास) घेतो’ म्हणायचं, असे वकील आहेत आणि त्यांचे अशील तुरुंगात आहेत. नेमक्या पद्धतीला तयारी सविस्तर पद्धतीहून जास्त लागते, कारण काय विचारायचं नाही हे ठरवण्यासाठीही सगळं वाचावं लागतं.

साक्षीदारानुसार मी स्वतः काय करतो ते सांगतो. प्रत्यक्षदर्शी असेल तर नेमका, अपवाद ओमिशनचा. त्यातही ‘का सांगितलं नाही’ असं विचारत नाही. ‘सरतपासात सांगितलेला अमुक मजकूर तुमच्या पोलिस जबाबात नाही’ एवढंच ठेवतो. ‘तो का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही’ हे ठरलेलं उत्तर येतं आणि ते पुरेसं असतं. डॉक्टर असतील तर अगदी थोडं. ‘कठीण आणि बोथट पृष्ठभागावर पडल्यास अशी जखम शक्य आहे?’ याला बहुतेक डॉक्टर ‘शक्य आहे’ म्हणतात. जखमेचं वय आणि तिची दिशा विचारायची तर आधी वैद्यकशास्त्र वाचून जावं, नाहीतर विचारूच नये. पंचाला मात्र मी आजही सरांसारखा सैल विचारतो. त्याच्याकडून आपल्याला काय मिळेल हे आधी माहीत नसतं आणि त्याच्या उत्तराने सहसा आपलं नुकसान होत नाही. तपासी अंमलदाराला सविस्तरच. ओमिशन शाबीत करणं, स्टेशन डायरी, मुद्देमाल कधी सील झाला आणि प्रयोगशाळेत कधी गेला, मधल्या दिवसांत तो कुठे होता, हे एकेक करून काढावं लागतं. तो कागदांचा माणूस आहे, कागद दाखवूनच त्याला धरता येतं.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातल्या पीडितेच्या बाबतीत हा पद्धतीच्या आवडीचा प्रश्न राहतच नाही. तिचा आधीचा लैंगिक अनुभव आणि चारित्र्य यांवर प्रश्न विचारायला कायद्याने मनाई आहे. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, तर वकिलाने आपले प्रश्न न्यायालयाला द्यायचे आणि मुलाला किंवा मुलीला ते न्यायाधीशांनी विचारायचे. आक्रमक विचारणा न्यायालयाने होऊच द्यायची नसते. दिवसभर खोदत राहण्याची पद्धत तिथे चालत नाही आणि चालूही नये. मुद्द्याचं, सभ्य भाषेत, थोडकं विचारून आरोपीचा बचाव पूर्णपणे मांडता येतो, हे मी अशा खटल्यांतच पाहिलं.

साक्षीचं दृक्श्राव्य मुद्रण करायची तरतूद कायद्यात आहे. ते जिल्ह्याजिल्ह्यांत नित्याचं झालं आणि अपिलात खरोखर पाहिलं जाऊ लागलं, तर माझं डिक्टेशनचं कारण बरंच सैल पडेल आणि सविस्तर पद्धतीतले सूर, अडखळणं, मान खाली घालणं यांना पुन्हा किंमत येईल. तुमचे न्यायाधीश प्रश्नोत्तर रूपात साक्ष घ्यायला तयार असतील तरीही हिशेब बदलतो. अशा कोर्टात सविस्तर पद्धत निवडणाऱ्याला मी अडवणार नाही. बाकी ठिकाणी, म्हणजे आपल्यातले बहुतेकजण जिथे उभे राहतात तिथे, माझं मत नेमक्या पद्धतीला.

सुरुवात करणार असाल तर वहीच्या पानाचे तीन भाग करा. डावीकडे एका ओळीत एकच गोष्ट, मध्ये ती ज्या कागदात आहे त्याचा पान क्रमांक, आणि उजवीकडची जागा रिकामी. उत्तर आलं, न्यायाधीशांनी सांगितलं, स्टेनोच्या पडद्यावर उमटलं, की ते वाचून उजवीकडे खूण करा आणि मगच पुढचा प्रश्न विचारा. पडदा दिसेल अशा बाजूला उभं राहायची परवानगी साक्ष सुरू होण्याआधीच मागून घ्या. मधेच मागितली तर अविश्वास दाखवल्यासारखी होते.